‘नोस्फेराटू’ (१९२२) : प्रथमदर्शन आणि हाती आलेली प्रत

फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा ‘नोस्फेराटू’ हा मूकपट आज प्रथमच पाहणारा प्रेक्षक खऱ्या अर्थाने प्रथमदर्शनी नसतो. टक्कल पडलेले डोके, टोकदार कान, उंदरासारखे पुढे आलेले दोन सुळे आणि लांबत गेलेली नखे ही काऊंट ऑरलॉकची आकृती त्याने भित्तिचित्रांत, व्यंगचित्रांत, चित्रपटविषयक ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर आधीच पाहिलेली असते. त्यामुळे तो भयाची अपेक्षा घेऊन बसतो, आणि बहुधा भय वाटले नाही अशी तक्रार घेऊन उठतो. ही तक्रार प्रामाणिक असली तरी तिचा रोख अनेकदा चुकीच्या ठिकाणी असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मूकपटाविषयी मत बनवण्यापूर्वी आपण मूकपट पाहिला की त्याची एखादी विटलेली प्रत पाहिली, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. ‘नोस्फेराटू’च्या बाबतीत तर हा प्रश्न कलाकृतीच्या अर्थाशीच येऊन भिडतो.

या चित्रपटाची निर्मिती ‘प्राना-फिल्म’ या संस्थेने केली. एन्रिको डीकमान आणि चित्रकार अल्बिन ग्राऊ हे तिचे संस्थापक. गूढविद्येची ओढ असलेल्या ग्राऊच्या या संस्थेचे नाव आपल्या ‘प्राण’ या संस्कृत शब्दावरून घेतलेले आहे. रक्तशोषक प्रेताच्या कथेने प्रारंभ करणाऱ्या संस्थेला हे नाव लाभावे, हा योग मौजेचा खरा. पटकथा हेन्रिक गालेनची, छायाचित्रण प्रामुख्याने फ्रिट्झ आर्नो वाग्नरचे. ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या संगमरवरी सभागृहात त्याचा पहिला खेळ झाला. कथा ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून घेतलेली होती आणि श्रेयफलकावर तसे स्पष्टपणे नमूदही होते. मात्र हक्क विकत घेतलेले नव्हते. स्टोकरच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स स्टोकर यांनी दावा लावला. संस्था तोवर दिवाळखोरीत गेलेली असल्याने पैसा हाती येण्याजोगा नव्हता, आणि १९२५ साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. देशोदेशी गेलेल्या प्रतींमुळे चित्रपट वाचला, पण तो अखंड वाचला नाही. मूळ निगेटिव्ह उपलब्ध नाही. आज आपण पाहतो ती निरनिराळ्या प्रतींतून साधलेली जुळणी होय.

या जुळणीत सर्वाधिक हानी कशाची झाली असेल तर ती रंगाची. मूकपट म्हणजे कृष्णधवल, हा आपला समज अर्धवट आहे. त्या काळी प्रदर्शनाच्या प्रती रंगद्रावणात बुडवून निरनिराळ्या छटांच्या करीत : रात्रीला निळसर, दिव्याच्या उजेडाला पिवळट, पहाटेला गुलाबी. रात्रीची बाह्यदृश्ये टिपण्याइतकी संवेदनशील फिल्म तेव्हा नव्हती. म्हणून मुर्नाऊने रात्रीचे प्रसंग भर दिवसा चित्रित केले आणि त्यांची रात्र करण्याचे काम निळ्या छटेवर सोपवले. पुढे दीर्घकाळ फिरलेल्या कृष्णधवल प्रतींमध्ये ही छटाच नाहीशी झाली. परिणाम असा, की ऑरलॉक आपली शवपेटी काखोटीला मारून विस्बोर्गच्या रस्त्यांतून जातो तेव्हा स्वच्छ ऊन पडलेले दिसते. आणि हा तर तो चित्रपट, ज्याच्या शेवटी उगवत्या सूर्याचा पहिला किरण त्याचा अंत करतो! सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू पिशाच्च नष्ट होते, हा आज सर्वतोमुखी झालेला संकेत लोककथेतून वा स्टोकरकडून आलेला नाही. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनच्या पिकॅडिलीत दिवसा वावरतो. हा संकेत रूढ झाला तो याच चित्रपटामुळे. म्हणजे ज्या प्रकाशाच्या नियमावर कथेचा शेवट उभा आहे, तो नियमच रंगहीन प्रत मोडून टाकते. अशा प्रतीसमोर हसणाऱ्या प्रेक्षकाला दोष कसा द्यावा?

वेगाचेही तसेच. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये नंतरच्या बोलपटाच्या गतीने दाखवली की माणसे तुरुतुरु चालू लागतात आणि शोककथेचे प्रहसन होते. काही जुन्या प्रती तासाभराहून थोड्याच अधिक वेळात संपतात. जीर्णोद्धारित आवृत्ती सुमारे ९४ मिनिटांची आहे. शिवाय इंग्रजी फलकांच्या प्रतींमध्ये ऑरलॉकचा ड्रॅक्युला, हुटरचा हार्कर आणि विस्बोर्गचे ब्रेमेन झालेले आढळते. अर्थात सारेच हसू प्रतीच्या माथी मारता येणार नाही. ऑरलॉकची घोडागाडी एकेक चौकट टिपून पळवण्याची युक्ती मुर्नाऊची स्वतःचीच आहे आणि ती आज फसलेली दिसते. गाडी भुताची न वाटता खेळण्यातली वाटते. त्यालगतच अरण्याचे दृश्य निगेटिव्हमध्ये दाखवून झाडे पांढरी आणि आकाश काळे करण्याची कल्पना मात्र अद्यापही अंगावर काटा आणते.

मराठी वाचकाला आणखी एक अडचण संभवते. रिचर्ड बर्टनने १८७० साली विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना वेताळासाठी ‘व्हॅम्पायर’ हा शब्द योजला आणि तेव्हापासून ही दोन पात्रे एकत्र बांधली गेली. वस्तुतः प्रेतात वस्ती करून कोडी घालणारा आपला वेताळ, कोकण-गोव्यात तर ग्रामरक्षक म्हणून पुजला जाणारा, ऑरलॉकचा नातलग नव्हे. ऑरलॉक बोलत जवळजवळ नाहीच. तो येतो, पाहतो आणि त्याच्यामागून रोग येतो.

१९२० च्या ‘डॉ. कालिगारी’मध्ये रंगवलेल्या वाकड्यातिकड्या पडद्यांतून भय उभे केले होते. मुर्नाऊने ते खऱ्या भूगोलात आणले : विस्मार आणि ल्यूबेकमधील विटांची घरे, स्लोव्हाकियातील ओराव्हाचा किल्ला, डोंगर, समुद्र, वारा. ज्या जहाजातून ऑरलॉक येतो ते शिडे फुगवून संथपणे चौकटीत शिरते, एवढेच दृश्य. त्यात भुताचे काहीही नाही. तरीही संपूर्ण चित्रपटात याहून भयावह क्षण थोडेच सापडतील, कारण आतील खलाशी मेलेले आहेत आणि जहाज आपोआप बंदराला लागणार आहे, हे आपल्याला ठाऊक असते. ऑरलॉकच्या भूमिकेतील माक्स श्रेक (‘श्रेक’ या जर्मन शब्दाचा अर्थच धास्ती, आणि हे त्याचे खरे आडनाव!) पडद्यावर फारच थोडा वेळ दिसतो. भय त्याच्या अंगावर नाही, त्याच्या वाटेवर आहे.

आणि त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला एलेन आहे. ग्रेटा श्रोडरने साकारलेल्या या पात्राकडे पहिल्या वेळी पाहणाऱ्याचे पुरेसे लक्ष जात नाही; जायला हवे. ट्रान्सिल्व्हानियाच्या किल्ल्यात ऑरलॉकची सावली निद्रिस्त हुटरवर झुकते. त्याच वेळी विस्बोर्गमध्ये त्याची पत्नी झोपेतून उठून हात पसरते. पुढच्या चौकटीत ऑरलॉक मान वळवतो, जणू हाक ऐकली, आणि हुटरला सोडून मागे फिरतो. दोन स्थळांमध्ये शेकडो मैलांचे अंतर आहे, परंतु संकलनाने ती एकमेकांसमोर ठेवली आहेत. एलेनने हाक पतीला मारली आणि ती पोचली भलत्याकडेच. पती वाचतो, पण त्या क्षणापासून तिचा संबंध ऑरलॉकशी जोडला जातो. यानंतर ती समुद्रकाठच्या वाळूत क्रुसांच्या मधोमध बसून वाट पाहते. हुटर खुष्कीच्या मार्गाने घोड्यावरून येत आहे. समुद्रातून येत आहे तो ऑरलॉक. मग ती कोणाची वाट पाहते? मजकुराचा फलक नाव सांगत नाही. पतिनिष्ठा आणि मृत्यूची ओढ यांमधील ही संदिग्धता मुर्नाऊने मिटवलेली नाही. तिला पतिव्रतेच्या बलिदानाची गोष्ट म्हणून वाचणे सोपे आहे आणि चित्रपट ते वाचन नाकारतही नाही. मात्र वाळूतील ते दृश्य त्या वाचनात बसत नाही.

विस्बोर्गमध्ये साथ पसरल्यावर दवंडीवाला ढोल वाजवून फर्मान वाचतो, रोगाच्या संशयितांना रुग्णालयात नेण्यास मनाई होते, खिडक्या बंद होतात, दारांवर क्रूस रेखले जातात. खिडकीतून एलेन पाहते, तो अरुंद रस्त्यातून शवपेट्यांची रांग चाललेली. २०२० नंतर हा भाग पाहणाऱ्यास भाष्याची गरज उरलेली नाही. १९२२ च्या जर्मन प्रेक्षकामागेही युद्ध आणि इन्फ्लुएन्झा यांतील मृतांची आठवण होतीच. झीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ मध्ये पडद्यावरील अशा जुलमी सत्ताधीशांत हिटलरच्या आगमनाची चाहूल वाचली. हे वाचन भेदक आहे, तरी शेवट माहीत असताना केलेले आहे. पूर्वेकडून उंदीर घेऊन येणारा वाकड्या नाकाचा परका, या रूपात ज्यूद्वेषाच्या तत्कालीन चित्रभाषेशी असलेले साम्य समीक्षकांनी दाखवले आहे. घरदलाल क्नॉकची भूमिका करणारा अलेक्झांडर ग्रानाख स्वतः ज्यू होता, एवढ्याने तो आक्षेप निकालात निघत नाही. हेतू शोधण्यापेक्षा ते चित्र त्या काळात कोणाच्या हाती पडले असते, याचा विचार अधिक उपयुक्त ठरेल.

स्टोकरच्या कादंबरीत पुरुषांची एक संघटित टोळी ज्ञान, पैसा आणि शस्त्रे घेऊन ड्रॅक्युलाला गाठते. येथे प्राध्यापक बुल्वर विद्यार्थ्यांना कीटक गिळणारी वनस्पती दाखवतात आणि त्यापलीकडे त्यांचा उपयोग होत नाही. हुटर तर पत्नीने बोलावूनही जागे राहणे गरजेचे असताना पेंगतो. एलेन एकटीच खिडकी उघडते. जिन्यावरून सावली चढते, सावलीचा पंजा तिच्या छातीवर मिटतो. कोंबडा आरवतो. खिडकीबाहेरच्या छपरांवर ऊन येते आणि ऑरलॉक विरून जातो. जमिनीवर थोडासा धूर राहतो. पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये टिकलेल्या छटायुक्त प्रतीचा आधार घेऊन २००५-०६ मध्ये सिद्ध झालेल्या आवृत्तीत ही पहाट गुलाबी दिसते, आणि त्याआधीची रात्र निळी राहिलेली असल्यामुळे तो रंग पडद्यावर येताच काय घडले ते फलकावाचून कळते. चित्रपट-अभ्यासाच्या वर्गात ‘नोस्फेराटू’ दाखवणाऱ्या अध्यापकांनी निदान हा शेवटचा भाग तरी याच आवृत्तीतून दाखवावा. विद्यार्थी हसले तर ते घोडागाडीला हसतील, सूर्याला नाही.