गेथेनवरचा 'तो'

आज आपण अर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' घेऊ. साल १९६९. गेथेन या बर्फाळ ग्रहावरची माणसं एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले थोडेच दिवस त्यांना लिंग असतं. एकच माणूस कुणाची आई, कुणाचा बाप. आणि सर्वनाम? सरसकट पुल्लिंगी!

बचाव असा करतात, की निवेदक गेन्ली आय पृथ्वीवरचा पुरुष, त्याची नजरच तशी. आम्हाला हे पुरत नाही. एस्ट्रावेन तर तिथलीच व्यक्ती. तिच्या रोजनिशीतही बाकी सगळे 'तो'च. १९७५ मध्ये त्याच ग्रहावरची 'विंटर्स किंग' ही कथा संग्रहात घेताना लेखिकेनं सर्वनाम स्त्रीलिंगी केलं, राजाला मात्र राजाच ठेवलं. तो धक्का कादंबरीत हवा होता.

मराठीत तर पंचाईत आणखी मोठी. इंग्रजीतल्या 'मी'ला लिंग नाही, म्हणून ती रोजनिशी मोकळी वाटते. आपल्याला 'निघालो' की 'निघाले' हे आधी ठरवावं लागतं. नपुसकलिंग आहे की, म्हणाल. पण मोठ्या माणसाला 'ते आलं' म्हणून बघा! 'मी पाहिलं', 'मला वाटलं' यांत मात्र लिंग लपतं. अनुवादकाला वाट असलीच तर तिथून.