बडबडगीते आणि वाचनाची पूर्वतयारी : एक चिकित्सा

बालशिक्षणाच्या टिपणांत बडबडगीतांच्या फायद्यांची यादी ठरलेली असते : शब्दसंपत्ती वाढते, उच्चार सुधारतात, स्मरणशक्तीला चालना मिळते, मुले रमतात. यादी खोटी नाही. मात्र गाण्यापासून वाचनापर्यंत मूल कसे पोहोचते, हे तिच्यातून कळत नाही. येथे आपण तेवढाच प्रश्न तपासू.

बोलताना मुलाचे लक्ष अर्थाकडे असते, ध्वनीकडे नसते. यमक ते ध्वनीकडे वळवते. 'गाडी'तला पहिला ध्वनी बदलला की 'माडी' होते, हे कानाला आधी कळते. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी इंग्लंडमध्ये केलेला १९८३ सालचा अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्याचा एक निष्कर्ष मात्र अनेकदा सुटतो. ध्वनींच्या वर्गवारीबरोबर ज्या मुलांना अक्षरेही हाताळायला दिली, त्यांची वाचनातील प्रगती सर्वांत चांगली होती. म्हणजे गाणे कान तयार करते. कानापासून अक्षरापर्यंतची वाट शिक्षकाला दाखवावी लागते.

हे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इंग्रजी लिपीत चिन्हे सुट्या ध्वनींसाठी असतात, तर देवनागरीत एका अक्षरात बहुधा व्यंजन आणि स्वर एकत्र येतात. म्हणून आपल्याकडे यमकाइतकेच महत्त्व ठेक्याला आहे. टाळ्या वाजवत 'चां-दो-बा' म्हणताना तीन टाळ्या पडतात आणि अक्षरेही तीनच असतात. 'घर' म्हणताना मात्र टाळी एक आणि अक्षरे दोन, कारण शेवटच्या 'र'मधला 'अ' आपण उच्चारत नाही. तेव्हा सुरुवात 'गाडी', 'बाहुली' अशा शब्दांनी करावी. 'घर', 'फूल' नंतर घ्यावेत.

आता वर्गातील वापर पाहू. मोबाइलवर गाणे लावले की मुले ऐकतात, नाचतात. पण गाणे कुणासाठी थांबत नाही. शिक्षिका स्वतः गाते तेव्हा ती यमकाच्या शब्दाआधी थांबू शकते आणि तो शब्द मुले पुरा करतात. शिकणे त्या थांबण्यात आहे. दुसरा मुद्दा भाषेचा. अनोळखी भाषेतले गाणे मूल अखंड पाठ करते. त्यात एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे त्याला उमगत नाही. इंदूर-सुरतेच्या मराठी घरांतील मुलांना हे लागू पडते, तसेच मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या मुलांनाही. त्यांच्यासाठी मराठी गाणेच परके असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील मातृभाषेचा आग्रह बालगीतांनाही लागू करायला हवा.

थोडक्यात, किती गाणी पाठ झाली हा निकष अपुरा आहे. मूल स्वतः नवे यमक जुळवते का, टाळ्यांनी शब्द तोडते का आणि तो तुकडा फळ्यावर ओळखते का, हे पाहावे.

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील एक बडबडगीत निवडा. त्यातील कोणत्या शब्दांत टाळ्या आणि अक्षरे जुळतात, कोणत्या शब्दांत जुळत नाहीत, ते कारणांसह लिहा.