अँटिव्हायरसचा हेत्वाभास

आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे, पण मी त्याकडे तर्कशास्त्राच्या बाजूने बघणार आहे.

आपल्या घरच्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ विज्ञानाला देता येतो. बॉइंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं आणि एखादा प्रकल्प निवडायचा. मोठ्या गणिताचा एक तुकडा इंटरनेटवरून आपल्याकडे येतो, आपलं मशीन तो सोडवतं आणि उत्तर परत पाठवतं. हे श्रमदानच झालं, फक्त कुदळ-फावड्याऐवजी प्रोसेसर. 'सेटी ॲट होम' हा परग्रहांवरच्या संदेशांचा शोध घेणारा प्रकल्प १९९९ साली बर्कलीहून सुरू झाला आणि त्यात लाखो लोक आले. 'आइन्स्टाइन ॲट होम'मध्ये २०१० साली अशाच घरगुती कॉम्प्युटरांनी एक नवा पल्सार शोधला. लायगोच्या वेधशाळांची माहितीही हाच प्रकल्प तपासतो, आणि लायगोची भारतातली वेधशाळा आपल्याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. तेव्हा हे काही आपल्याला परकं नाही.

आता अडचण बघा. एखादा मुलगा उत्साहाने हे सॉफ्टवेअर टाकतो. दोन दिवसांनी पडद्यावर लाल चौकट येते: 'धोका सापडला, फाइल हटवली.' अर्धवट झालेलं गणित बाद होतं. घरचे म्हणतात, "काय टाकलंस रे त्यात? काढ आधी ते!" विज्ञानाचा एक स्वयंसेवक तिथेच गळतो.

असं का होतं? अँटिव्हायरस दोन रीतींनी काम करतो. एक, माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणा जुळवतो. दोन, वागणुकीवरून अंदाज बांधतो. बॉइंकची वागणूक कशी? नेटवरून नवे प्रोग्रॅम आणायचे, मालक उठून गेला की कामाला लागायचं, प्रोसेसर तापवायचा, उत्तर बाहेर पाठवायचं. दुसऱ्याच्या मशीनवर चोरून क्रिप्टो चलन काढणारा प्रोग्रॅमही नेमकं हेच करतो.

आपल्या न्यायशास्त्रात याला नाव आहे: सव्यभिचार हेतू. जो हेतू साध्य असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही सापडतो, त्याच्यावरून अनुमान निघत नाही. आपल्याकडे शेतीची वीज रात्री येते. हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन शेतात जातो. चोरही रात्री बॅटरी घेऊनच येतो. जागल्याने नुसता उजेड पाहून 'चोर' म्हटलं, तर त्याचं अनुमान फसणारच.

नैयायिक याच्याही पुढे जातात. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. ओलं लाकूड असेल तरच धूर. या ओल्या लाकडाला ते उपाधी म्हणतात. आपल्या प्रश्नातली उपाधी कोणती? मालकाची संमती नसणं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका तांत्रिक कॉलेजच्या कर्मचाऱ्यावर खटला भरला गेला, कारण त्याने अशाच सामूहिक गणिताचा प्रोग्रॅम कॉलेजच्या कॉम्प्युटरांवर परवानगीशिवाय टाकल्याचा आरोप होता. २००२ साली ते प्रकरण दंड आणि प्रोबेशनवर मिटलं. तोच प्रोग्रॅम स्वतःच्या घरी दान ठरतो, दुसऱ्याच्या मशीनवर अपराध ठरतो. म्हणजे दोष फाइलमध्ये लिहिलेला नसतो. आणि अँटिव्हायरस तर फक्त फाइल आणि तिची वागणूक बघतो!

कोणी म्हणेल, चोर सुटण्यापेक्षा साव अडकलेला बरा. मला हे पटत नाही. फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिलं की प्रत्येक व्हायरस पकडणारा आणि निर्दोष प्रोग्रॅमला कधीच न पकडणारा तपासनीस तत्त्वतःच शक्य नाही. चूक अटळ आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरची मशीनं बंद पडली. चुकीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार भाषेबद्दल आहे. ज्याच्याजवळ फक्त संशय आहे, त्याने निकालाच्या भाषेत बोलू नये. 'हा प्रोग्रॅम सतत प्रोसेसर वापरतो आहे. तुम्हीच टाकला आहे का?' एवढा प्रश्न विचारला तर उपाधी तपासली जाते, कारण संमतीचं उत्तर फक्त मालकाकडेच असतं. वर, खोट्या आरोळ्या ऐकून कंटाळलेला माणूस शेवटी अँटिव्हायरसच बंद करतो, आणि मग खरा चोर सुखाने आत येतो.

तोवर आपण काय करायचं? सॉफ्टवेअर मूळ ठिकाणाहूनच घ्यायचं. अँटिव्हायरसला बॉइंकचं फोल्डर तेवढं वगळायला सांगायचं, अख्खी डिस्क नाही. चुकून पकडलेली फाइल कंपनीकडे पुन्हा तपासायला पाठवायची. आणि शाळेच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर आधी परवानगी घ्यायची. अँटिव्हायरसने संमती विचारावी असं म्हणणाऱ्याने स्वतः ती विचारायला विसरू नये.