पतअहवाल आणि नादारी : आपत्ती व गैरवर्तन यांतील भेदाची चिकित्सा

प्रस्तावना

‘दिवाळे’ या शब्दाचा संबंध ‘दिवा’ या शब्दाशी जोडला जातो. देणी फेडण्यास असमर्थ ठरलेला व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावी व त्यावरून त्याची नादारी गावाला कळे, असे परंपरा सांगते. ही खूण लज्जास्पद खरी. परंतु ती एका पेढीपुरती आणि एका प्रसंगापुरती मर्यादित होती. आज हेच कार्य पतअहवाल करतो. सिबिल या संस्थेची स्थापना २००० मध्ये झाली आणि २००५ च्या पतविषयक माहिती कंपन्या अधिनियमाने या व्यवसायास कायद्याची चौकट दिली. कर्जदाराची विश्वासार्हता आता ३०० ते ९०० या दरम्यानच्या एका अंकात सांगितली जाते. नादारीची नोंद करताना हा अहवाल आपत्ती आणि गैरवर्तन यांत भेद करतो काय, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात जामनेर परिसरातील कापूस उत्पादक शेतकऱ्याच्या संदर्भात केली आहे.

जुन्या कायद्याची दृष्टी

मुंबईसारख्या इलाखा शहरांसाठी १९०९ चा आणि उर्वरित प्रदेशासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम अशी व्यवस्था ब्रिटिश काळात निर्माण झाली. जामनेरच्या ऋणकोस लागू पडतो तो दुसरा कायदा. त्याखालील अर्जाचे अधिकारक्षेत्र मूलतः जिल्हा न्यायालयाचे, म्हणजे जळगावचे. या कायद्यात दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली, नादार ठरलेल्या व्यक्तीस मुक्ततेचा आदेश मिळू शकतो आणि काही अपवाद वगळता तिची जुनी देणी संपुष्टात येतात. दुसरी तरतूद कलम ७३ मधील आहे. नादार व्यक्तीवर स्थानिक संस्थेत निवडून येण्याविषयी व अन्य काही अपात्रता येतात. परंतु नादारी गैरवर्तनामुळे नव्हे तर दुर्दैवामुळे ओढवली, असे प्रमाणपत्र न्यायालयाने मुक्ततेच्या आदेशासोबत दिल्यास त्या दूर होतात. देणे का फिटले नाही, हा प्रश्न कायद्याने विचारला आणि त्याच्या उत्तराला परिणाम जोडला, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने व्यक्तीसाठीही नवी रचना आखली. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा, मालमत्ता २०,००० रुपयांपेक्षा आणि पात्र देणी ३५,००० रुपयांपेक्षा अधिक नसलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या ऋणकोसाठी ‘नव्या आरंभा’ची प्रक्रिया त्यात आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ रोजी व्यक्तींविषयीचा हा भाग अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या व्यक्तिगत हमीदारांपुरता. सामान्य ऋणकोसाठी नवा दरवाजा कागदावर राहिला आणि जुना दरवाजा क्वचितच ठोठावला जातो.

पतअहवालातील नोंद

न्यायालयीन नादारी विरळ असल्याने भारतीय पतअहवालात दिवाळखोरीची जागा अन्य शब्द घेतात: ‘रिटन ऑफ’, ‘सेटल्ड’, ‘सूट फाइल्ड’. ही माहिती कर्ज देणाऱ्या संस्था पुरवितात. न्यायालय या नोंदीचे नित्याचे माहितीदार नाही. त्यामुळे मुक्ततेचा आदेश मिळालेल्या ऋणकोसही तो अहवालापर्यंत पोहोचविण्याचा खटाटोप स्वतःच करावा लागतो.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे नुकसान केले. अशा हंगामानंतर जामनेर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याचे कर्ज थकले, तर त्याचे कारण विविध कार्यकारी सोसायटीच्या सचिवापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक असते. पुढे शासकीय योजनेतून वा तडजोडीतून कर्ज मिटते आणि त्यास बेबाकी दाखला मिळतो. २०१७ च्या राज्य योजनेत दीड लाखांवरील थकबाकीसाठी अशीच एकरकमी परतफेडीची वाट होती. तथापि, पूर्ण रक्कम न भरता तडजोडीने बंद झालेले खाते अहवालात सामान्यतः ‘सेटल्ड’ म्हणून राहते. बेबाकी दाखला देणे संपल्याचे सांगतो, तर अहवाल ते पूर्ण फिटले नसल्याचे सांगतो. दोन्ही विधाने सत्य आहेत. परंतु पुढील कर्जाच्या वेळी वाचले जाते ते दुसरेच.

कारणाची नोंद करणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असेही म्हणता येत नाही. नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्रचित झालेल्या कर्जासाठी अहवालात स्वतंत्र वर्गवारी आहे. म्हणजे कर्ज चालू राहिले तर आपत्ती दिसते. ते बुडाले किंवा तडजोडीने मिटले की दिसेनाशी होते.

काळाची मर्यादा

अमेरिकेच्या पतअहवालविषयक कायद्यानुसार दिवाळखोरीची नोंद सर्वसाधारणपणे कमाल दहा वर्षे दाखविता येते. ब्रिटनमध्ये ती सहसा सहा वर्षे राहते. भारतीय विनियमांनी पतमाहिती किमान सात वर्षे जतन करण्याचे बंधन घातले आहे. तेथे मर्यादा विस्मरणासाठी आहे, येथे ती स्मरणासाठी आहे. चुकीच्या नोंदीविरुद्ध ऋणकोस दाद मागता येते; तीस दिवसांत निवारण न झाल्यास प्रतिदिन १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केली. परंतु हा उपाय असत्य नोंदीवरील आहे. सत्य असूनही अपुऱ्या असलेल्या नोंदीवर तो लागू पडत नाही.

प्रतिवादाचा विचार

या टीकेवर सबळ आक्षेप संभवतात. बँक उधार देते तो पैसा ठेवीदारांचा असतो; परतफेडीचा इतिहास जाणून घेणे हे तिचे कर्तव्यच आहे. नियमित फेड करणाऱ्या, परंतु तारण नसलेल्या कर्जदारास याच अहवालामुळे सावकाराऐवजी बँकेकडे जाता येते. प्रत्येक थकबाकीदार आपत्तीचेच कारण पुढे करील, ही भीतीही निराधार नाही. मात्र या आक्षेपांतून कारण तपासण्याची गरज सिद्ध होते, ते वगळण्याची नव्हे. कलम ७३ मध्ये ही तपासणी ऋणकोच्या शब्दावर नव्हे, न्यायालयाच्या निर्णयावर सोपविली होती.

मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावले. तातडीचा दिलासा म्हणून हे योग्य असले, तरी त्यामुळे अहवाल बदलत नाही. तोच शेतकरी ट्रॅक्टरसाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागावयास गेला की जुनी नोंद पुन्हा समोर येते.

समारोप

१८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात शेतकऱ्याच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले; म्हणजे देण्याला शेवट असला पाहिजे, हे राज्यसत्तेने मान्य केले. पतअहवालाच्या व्यवस्थेत नेमकी हीच मान्यता अपुरी आहे. प्रतिकूल नोंदीस कमाल कालमर्यादा, मुक्ततेच्या आदेशाची अहवालात आपोआप नोंद आणि प्रमाणित आपत्तीचा तडजोडीच्या खात्यांतही उल्लेख, या तीन सुधारणांनी बँकेची स्मरणशक्ती क्षीण होणार नाही. ती अधिक न्याय्य मात्र होईल. १९२० च्या कायद्याने नादारास दुर्दैवाचे प्रमाणपत्र मागण्याचा हक्क दिला होता. शतकानंतरच्या अहवालात त्यासाठी एक रकाना असणे ही अवाजवी अपेक्षा म्हणता येणार नाही.