कोऱ्या जागेचे मोल

कोरियातील जोसॉन राजवटीच्या (१३९२ ते १९१०) निळ्या नक्षीच्या पांढऱ्या भांड्यांविषयी लिहिताना जाणकार एक विधान हमखास करतात : कन्फ्यूशियसच्या शिकवणीने संयम अंगी बाणला, म्हणून या कलावंतांनी भांड्यावर इतकी कोरी जागा राखली. आम्हांस हे अर्धेच पटते.

आधी कृती पाहू. पांढऱ्या मातीचे भांडे एकदा हलके भाजून घेत. त्या सच्छिद्र अंगावर कोबाल्टच्या पाण्यात भिजलेला कुंचला टेकला, की रंग तत्क्षणी आत मुरे. चुकलेली रेघ पुसण्याची सोय नाही. वर पारदर्शक झिलई देऊन भांडे पुन्हा प्रखर भट्टीत जाई, तेव्हा कुठे काळपट रेघ निळी होई. हा कोबाल्ट पश्चिम आशियातून चीनमार्गे येई व फार महाग पडे. म्हणूनच ग्वांगजूच्या सरकारी भट्ट्यांवर चित्रे रेखाटण्यास दरबारी चित्रकार पाठवीत.

आता दोंगुक विद्यापीठाच्या संग्रहालयातील १४८९ सालचा रांजण घ्या. पाइन व बांबू त्याच्या अंगभर पसरले आहेत. संयम फारसा दिसत नाही. पुढे १५९२ ते १५९८ ची जपानी आक्रमणे व त्यानंतरच्या मांचू स्वाऱ्यांनी देश खिळखिळा झाला. कोबाल्ट दुर्मिळ झाला, तेव्हा राजाच्या रांजणावरील ड्रॅगनही लोहरंगाने, तपकिरी काढावा लागला. १७५४ साली राजा योंगजोने राजघराण्याचे ड्रॅगन-रांजण वगळता कोबाल्टच्या वापरावर बंदी घातली. वृत्तीच संयमी असती, तर हुकूम कशाला? एकोणिसाव्या शतकात कोबाल्ट स्वस्त झाला आणि भांडी पुन्हा भरगच्च झाली.

तरीही अठराव्या शतकातील शरद-तृणांच्या भांड्यांपाशी आम्ही थबकतो. दोन-चार काड्या, एखादे रानफूल, आणि वर विस्तीर्ण शुभ्रता. टंचाईने हात आखडायला शिकवले हे खरे. पण रेघ नेमकी कोठे थांबवावी, हे टंचाई सांगत नाही.

जपानी समीक्षक यानागी सोएत्सु यांना कोरियन कलेत दुःखाचे सौंदर्य दिसले. माणूस सहृदय होता; जपानी अमलात सोलच्या राजवाड्याचे महाद्वार पाडू नये, म्हणून १९२२ साली त्यांनी जाहीर लेख लिहिला. परंतु हे दुःख पाहणाऱ्याच्या डोळ्यांतले अधिक वाटते. सतराव्या शतकातले ते तपकिरी ड्रॅगन पाहा : डोळे वटारलेले, मिशा फिस्कारलेल्या, आणि चेहरा असा की लहान मूलही भिण्याऐवजी खुदकन हसावे.