शुक्रावरचं ज्वालामुखीचं मुख खरंच वाढलं का?

हेरिक आणि हेन्स्ली यांचा ‘सायन्स’मधला 2023चा पेपर जरूर वाचा. मॅगेलन यानाने 1991मध्ये आठ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या रडार प्रतिमांत माट मॉन्सजवळचं मुख 2.2 वरून सुमारे 4 चौ. किमी झालेलं दिसतं. पण थांबा! दोन्ही वेळा रडार विरुद्ध बाजूंनी बघत होतं. रडारमध्ये उजळ भाग म्हणजे बहुधा खडबडीत जमीन किंवा रडारकडे कललेला उतार. बाजू बदलली की चित्रही बदलतं. लेखकांनी मुखाचे वेगवेगळे आकार संगणकावर बनवून दोन्ही कोनांतून तपासले, म्हणून मुखाबद्दलचा दावा पटतो. लाव्हाच्या नव्या प्रवाहाबद्दलचा मात्र तेवढा पटत नाही: तो आधीही असेल, फक्त त्या कोनातून दिसला नसेल तर? कुठल्याही दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की आधी हेच विचारा: बदललंय काय, जमीन की बघण्याचा कोन?