खेळ आणि खेळाडू

तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीची जत्रा भरते, तेव्हां घोडेबाजाराप्रमाणेंच खेळांच्या तंबूंपुढेंही गर्दी लोटते. प्रेक्षक धाडस पाहतो. धाडस करणाऱ्याचें आयुष्य मात्र तंबूबाहेर येत नाहीं. दामू धोत्रे यांचें ‘वाघ-सिंह माझे सखे-सोबती’ हें आत्मकथन आम्हांस मोलाचें वाटतें तें यासाठींच. १९०२ सालीं पुण्यांत जन्मलेले धोत्रे लहानपणींच मामांच्या सर्कशींत शिरले व पुढें अमेरिकेंतील रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोंचले. श्वापद हा शत्रु नव्हे, सोबती, ही त्यांची दृष्टि ग्रंथनामांतच उमटली आहे. शब्दांकन भानू शिरधनकरांचें. अनुभव मात्र धोत्र्यांचा. तथापि कीर्तिमंताचें चरित्र लिहिलें जातें. ‘मौत का कुआं’मध्यें रोज फेऱ्या घेणाऱ्याचें कोण लिहिणार? त्याची हकीकत ऐकून घेणारा शिरधनकर खानदेशास हवा आहे.